धरणाच्या पाण्यावर कुणीतरी भाकऱ्या थापत होतं

बाबांना मी खोटं सांगितलं. त्या सकाळी तोंडाने सांगितलं, आणि पुढे वर्षभर गप्प राहून रोज सांगत राहिलो. त्यातलं दुसरं जास्त वाईट, असं आता वाटतं. खोटं तसं लहानसं होतं. "लाटा आहेत," एवढंच मी म्हणालो होतो. त्या सकाळी त्या पाण्यावर एकही लाट नव्हती.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आले. याआधी ते दोनदा आले होते, तेव्हा आई बरोबर होती. सुपरमार्केटमधली केळी बघून नाक मुरडायचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याशी मराठीत बोलायचं, ही कामं ती करायची आणि बाबा तिच्या मागे पिशवी घेऊन उभे राहायचे. या वेळी ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसून खालच्या पार्किंगकडे बघत राहत. एखादी गाडी बाहेर गेली की, "पांढरी गेली," म्हणत. परत आली की, "पांढरी आली." माझी बायको ऑफिसला निघताना त्यांच्यासाठी डबा भरून ठेवायची, तो संध्याकाळी अर्धा तसाच असायचा.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. बाबा बँकेत होते, पण त्यांचा जीव गरवण्यात, गरीने मासे धरण्यात. बँक सुटली की गरी आणि दोरीचं रीळ घेऊन ते धक्क्यावर जाऊन बसत, अंधार पडायच्या आत एखादं काळुंदर, एखादी शेंगटी घेऊन येत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो. ओटीवर पाऊल ठेवल्याबरोबर ते आत हाक मारत, "झालं का गं?" आत आई भाकऱ्या थापत असायची. तिने उत्तर दिलेलं मला आठवत नाही. थापण्याचा आवाज हेच तिचं उत्तर.

आमच्याकडे काशीला गेलं की आवडीची एखादी गोष्ट कायमची सोडून येतात. बाबा काशीला गेले नाहीत. आईच्या अस्थी त्यांनी आमच्या खाडीतच सोडल्या आणि तिथेच, गुडघाभर पाण्यात उभं राहून, मासा सोडला. खाणंही आणि मारणंही. आयुष्यात त्यांना दुसरी कसली एवढी आवड नव्हती, त्यामुळे सोडायला दुसरं काही नव्हतंही.

सनीव्हेलला त्यांच्यासाठी म्हणून बायकोने घरात मासे आणणं बंद केलं, तर ते रागावले. "सोडलाय मी. पोरीने काय पाप केलंय?" मग सामन मासा आणला. बाबा नातीच्या शेजारी बसले आणि तिच्या ताटातला तुकडा बोटांनी उकलून काटे शोधू लागले. मुलगी म्हणाली, "आजोबा, देअर आर नो बोन्स इन धिस." बाबा तरी शोधत राहिले. त्यांची बोटं माशावर फिरताना बघून मला ती कल्पना सुचली.

मी बास नावाचा मासा धरायला जातो. इथे त्याचं मोठं वेड आहे. धरणांच्या मोठमोठ्या जलाशयांत तो असतो, आणि धरला की बहुतेक लोक परत पाण्यात सोडतात. मला हे माझ्या एका नागपूरकर मित्राने शिकवलं. तो माझ्याच ऑफिसात होता, त्याच्याकडे ॲल्युमिनियमची बोट आहे. खाण्यासाठी नाही, मारण्यासाठी नाही, नुसता धरायचा आणि सोडायचा. मला वाटलं, बाबांचा शब्दही राहील आणि गरीही हातात येईल. आपण फार हुशारीची वाट काढली असं मला वाटलं होतं.

"धरायचा आणि सोडायचा?" बाबा म्हणाले.

"हो."

"मग धरायचा कशाला?"

"मजा येते, बाबा. खेळ असतो तो."

"माशाला येते का विचारलंस?"

मी हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने, पांढरी आली आणि गेली त्यानंतर, त्यांनी विचारलं, "पण मरत नाही ना तो?"

"नाही. एकही मरत नाही."

"बघ हं. मी तिला शब्द दिलाय."

"एकही मरणार नाही," मी परत सांगितलं.

तेव्हा ते खोटं नव्हतं. खोटं व्हायला अजून दोन दिवस होते. मित्राकडे बोटीच्या किल्ल्या घ्यायला गेलो तेव्हा तो गॅरेजमध्ये टोपी उलटी घालून उभा होता. "काकांना घेऊन चालला? भारी. पण एक ऐक बे. उन्हाळा संपत आलाय. वरचं पाणी गरम, मासे खाली गेलेत. खोलातून खेचून वर काढला ना, की त्याच्या पोटातली हवा फुगते. मग सोडला तरी खाली नाही जात. तरंगतो, आणि मरतो. काठाकाठानेच टाक. कमी मिळतील, पण जगतील." मग त्याने आमिषांच्या पेटीतली एक जाड सुई काढून दाखवली. अगदीच खोलातला लागला तर या सुईने कुशीत अमुक ठिकाणी टोचून हवा काढायची असते. "पण तुला नाही जमणार यार, मलाच तीन-चार मारून मग जमलं. काठानेच टाक."

मी हो म्हणालो. सगळं नीट ऐकलं होतं. न ऐकल्याचं कारण मला पुढे करता येत नाही.

आम्ही अंधारात निघालो. बायकोने फोनवर हवेतल्या धुराचा आकडा बघून कुरकुर केली होती. उत्तरेकडे कुठेतरी जंगल पेटलं होतं, पण ते लांब होतं आणि वारा उलट्या बाजूला होता. सिएरा डोंगररांगेच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी हे जलाशय अर्धे होतात. सभोवतीच्या डोंगरांवर हिरवी झाडी असते, आणि तिच्या खाली, पाण्यापर्यंत, नुसती लाल उघडी माती, एकाखाली एक पट्टे पडलेली. बाबा खाली उतरून ते पट्टे बघत उभे राहिले. "हे सगळं एरवी पाण्याखाली असतं?" म्हणाले. "मग आपण आत्ता तळाशीच उभे आहोत की."

काठाकाठाने आम्ही बराच वेळ फिरलो. काही लागलं नाही. बाबांना ती काठी, ते फिरकीचं रीळ पटत नव्हतं. त्यांनी दोरी बोटावर घेतली, धक्क्यावर बसल्यासारखी, आणि डोळे मिटून बसले. ऊन चढलं. जळक्या लाकडाचा वास येऊ लागला. सूर्य डाळिंबाच्या सालीच्या रंगाचा झाला आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायला लागलं. पक्षी बोलायचे थांबले होते. केव्हा थांबले हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"चल घरी," बाबा म्हणाले. "मासेही ओळखेनासे झाले मला."

त्यांनी हे थट्टेत म्हटलं, पण काठी खाली ठेवताना त्यांचा चेहरा बाल्कनीतल्यासारखा झाला. तो चेहरा मी महिनाभर बघत होतो. मी मोटर चालू केली आणि बोट मधोमध नेली. तिथे पाण्याखाली एक टेकडी आहे. धरण बांधलं तेव्हा तिच्यावरची झाडं तशीच उभी राहिली, आणि अजून उभी आहेत. पाण्याखालचं दाखवणाऱ्या बोटीवरच्या पडद्यावर ती दिसतात. खोल तळातून वर आलेले बारीक बारीक दांडे, आणि त्यांच्यामध्ये लटकलेल्या मासोळ्यांच्या खुणा. बाबांनी वाकून बघितलं. "रान आहे की रे खाली," ते हळूच म्हणाले, जणू कुणी झोपलं आहे.

त्यांच्या गरीला लाल रबरी गांडूळ लावलं, शिसं लावलं, आणि ते त्या रानात सोडलं.

लगेच लागला. काठी वाकली, बाबा अर्धे उठले, आणि मी कित्येक महिन्यांत न ऐकलेला आवाज ऐकला. "अरे मेल्या! ये, वर ये! पळतोस कुठे?" मासा वर आला. हिरवट, चांगला हातभर. पोट टम्म फुगलेलं होतं आणि डोळे बाहेर आल्यासारखे. मी तो पटकन ओंजळीत घेतला, पोटाखाली हात धरला, गरी काढली, आणि बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन डोक्याकडून जोरात पाण्यात सोडला. तसा सोडला की तो थोडा वेळ तरी खाली जातो.

"गेला?"

"गेला."

"बघ, गेला!" बाबांनी टाळी वाजवली. बँकेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी कधी टाळी वाजवली नसेल.

सुई पेटीत होती. पेटी माझ्या पायाशी होती. पण सुई काढली असती तर बाबांनी विचारलं असतं, ही कशाला. मग सांगावं लागलं असतं. मी पेटी पायाने बाकाखाली सारली.

पुढे एकामागून एक लागत गेले. बाबा बोलत होते, माशांना शिव्या देत होते, मला नावं ठेवत होते. "तुझ्याहून लहान होतो तेव्हा असं धरलेलं गोबरं. तुझी आई म्हणाली, हे घरात मावणार कसं?" मी प्रत्येक मासा त्यांच्याकडे पाठ करून सोडला. एकाने गरी खोल गिळलेली होती, मी दोरी कापली आणि लाल गांडूळ तोंडात असतानाच त्याला सोडला. प्रत्येक वेळी "गेला" म्हणालो. मागे वळून बघत नव्हतो.

वारा फिरला होता. धूर कुठूनतरी येतो असं दिसलं नाही. आधी पलीकडचा डोंगर गेला, मग त्याच्या अलीकडची झाडी, मग लाल पट्टे. मग बोटीभोवती थोडंसं तांबूस पाणी उरलं आणि बाकी सगळीकडे काहीच नव्हतं. राखेचे कण पडत होते. ते पाण्यावर पडत आणि तसेच राहत, इतकं ते पाणी थांबलेलं होतं. बाबांनी नाकावर रुमाल बांधला. मी म्हणालो, आता निघू. ते म्हणाले, "एक टाकतो, शेवटचा."

तेव्हा आवाज आला.

टप. टप टप. मग काही नाही. मग परत, टप टप.

बाबांनी काठी मांडीवर घेतली. "कोण आहे रे तिकडे?"

"कुणी नाही, बाबा."

"मग आवाज कसला?"

मला माहीत होतं कसला. पालथा होऊन तरंगणारा मासा खाली जायची धडपड करतो, तेव्हा त्याची शेपटी पाण्यावर आपटते. दोन-तीनदा आपटतो, दमतो, थांबतो, परत आपटतो. धुरात आवाज कुठून येतोय हे कळत नव्हतं. मागून येत होता, मग डावीकडून, मग अगदी जवळून.

"लाटा आहेत," मी म्हणालो.

बाबा कान देऊन ऐकत राहिले. त्यांनी रुमाल नाकावरून खाली ओढला, जणू त्याने ऐकू येत नव्हतं. "लाटेचा असा नसतो," ते म्हणाले. "भाकऱ्या थापल्यासारखं येतंय."

मी मोटरकडे हात नेला.

"ऐक. थापते, मग फिरवते, तेव्हा थांबतो बघ. मग पीठ लावते. मग परत." आवाज खरंच तसाच येत होता. टप टप टप, मग थांबणं, मग टप टप. आईचा हात तसाच चालायचा. तांदळाची भाकरी थापताना ती मधेच थांबून परातीतून पीठ घ्यायची, ते थांबणंसुद्धा तेवढंच. काय आहे ते मला माहीत होतं. क्षणभर मलाही त्या तांबूस धुरात चूल दिसली. आमच्या स्वयंपाकघरात सकाळी असाच धूर असायचा.

बाबा धुराकडे तोंड करून, घरात मारायचे तशीच हाक मारत म्हणाले, "झालं का गं?"

सगळं थांबलं. राख पडत होती. देवाशपथ सांगतो, आता काही वाजू नये अशी माझी इच्छा होती.

टप टप.

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहून दाखवता येणार नाही. त्यांनी दोरी गुंडाळली, गरी काठीला नीट अडकवली. "पुरे आता," म्हणाले. "तिचं काम चाललंय."

फोनच्या नकाशावर बघत मी बोट हळूहळू धक्क्याकडे वळवली. बाबा पुढे बसले होते, माझ्याकडे पाठ, डोळे धुराने चुरचुरत होते म्हणून मिटलेले. परतीची वाट सोडलेल्या माशांमधूनच जात होती. धुरातून एक पांढरं पोट आलं, मग दुसरं. मग बरेच. बहुतेक स्थिर होते. एक कुशीवर तरंगत गोल फिरत होता आणि त्याच्या तोंडातून लाल गांडूळ लोंबत होतं. एक बोटीच्या पुढच्या भागाला लागला आणि पत्र्यावर घासत मागपर्यंत आला.

"काय लागलं?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"लाकूड असेल."

घरी पोचेपर्यंत ते गाडीत झोपले. दार उघडल्याबरोबर बायकोला म्हणाले, "सूनबाई, ती भेटली." बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बूट काढत राहिलो. त्या दिवशी ते पोटभर जेवले, परत भात मागितला. मग रत्नागिरीला माझ्या बहिणीला फोन लावला आणि स्पीकरवर सगळं सांगितलं. ती रडू लागली. "एवढ्या लांब कशी आली, बाबा?"

"खाडीत सोडली ना तिला? खाडी समुद्राला मिळते. पाण्याला पाणी लागलेलं असतं सगळीकडे. तिला काय व्हिसा काढायचाय?"

हे सांगताना ते हसत होते. घरात सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी बोट परत केली. मित्र पाइपने ती धूत होता. "किती मिळाले?" त्याने विचारलं. मी म्हणालो, बरेच. "काठाला?" मी म्हणालो, टेकडीवर. त्याने पाणी बंद केलं. "सुई?" मी नाही अशी मान हलवली. "अबे," तो म्हणाला, आणि पाणी परत चालू केलं. त्याने पुढे मला कधी काही विचारलं नाही. मीही त्याच्याबरोबर जायचं टाळू लागलो.

बायकोला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना नको सांगूस. निदान जेवतायत." मला तेच ऐकायचं होतं. मी तिच्यावर ढकललं असं नाही, पण तिच्या वाक्याला धरून बसलो एवढं खरं.

बाबा दिवाळीच्या आधी परत गेले. बहीण फोनवर सांगायची, रोज संध्याकाळी धक्क्यावर जातात. गरी न घेता जातात, नुसते बसतात. आम्हाला बरं वाटायचं. घराबाहेर पडतात, लोकांत असतात. मग पावसाळा आला तरी जात राहिले. धक्क्यावर शेवाळ असतं, कोळीसुद्धा तिथे जपून पाय टाकतात. एका संध्याकाळी ते घसरले आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून दुसऱ्या दिवशी परत गेले.

"ऐकत नाहीत रे," बहीण म्हणाली. "मी विचारलं, कशाला जाता, तर म्हणाले, ती इकडे येत नाही. तिकडेच राहिलीय."

पुढच्या रविवारी व्हिडिओवर ते स्वतःच बोलले. प्लास्टरचा हात छातीशी धरलेला. इकडची-तिकडची चौकशी झाली, नातीची झाली. मग त्यांनी आवाज खाली आणला, बहिणीने ऐकू नये म्हणून.

"त्या धरणावर जातोस का रे अधूनमधून?"

"नाही जमत, बाबा."

"जा रे. एकटी आहे ती तिथे. मी निघून आलो, तिला सांगितलंसुद्धा नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "मला घेऊन जा परत. डॉक्टर नाही म्हणतोय, त्याचं नको ऐकूस. एकदा ने."

त्यांचं हृदय तेव्हा बरं नव्हतं. एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही हे डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. ते मात्र पासपोर्ट कुठे ठेवलाय हे मला सांगू लागले.

मी गेलो धरणावर. पुन्हा उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. बोट भाड्याने घेतली, काठी नेली नाही. त्या वर्षी आकाश स्वच्छ होतं, डोंगर दिसत होते, लाल पट्टे दिसत होते. टेकडीवर जाऊन मोटर बंद केली. पडद्यावर तीच झाडं उभी होती, त्यांच्यात तेच लटकलेले मासे. मी तासभर ऐकत बसलो. काहीही वाजलं नाही. एवढ्या मोठ्या पाण्यावर एवढी शांतता असू शकते हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी मुद्दाम गप्प बसावं तशी ती होती. शेवटी मीच तोंड उघडलं आणि हळूच म्हणालो, "झालं का गं?" माझाच आवाज ऐकून मी घाबरलो आणि लगेच मोटर चालू केली. बाबा रोज संध्याकाळी असं विचारून उत्तराची वाट बघत बसतात, हे मला तेव्हा अंगावर आल्यासारखं कळलं. घरी आल्यावर मी रत्नागिरीला जायचं तिकीट काढलं.

बाबांना वाटलं मी त्यांना न्यायला आलो. बॅग भरून ठेवली होती. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. पाऊस नव्हता, पण दगड ओले होते. मी त्यांचा चांगला हात धरला. वाटेत एकाने विचारलं, "काका, मुलगा आला वाटतं?" बाबा म्हणाले, "आला. आता मी जातो." ते नेहमीच्या जागी, बोटी बांधायच्या खांबाशेजारी बसले. मीही बसलो. भरती लागत होती. खाली धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटू लागलं.

टप. टप टप.

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "येतंय ऐकू?"

"येतंय," मी म्हणालो. "पाणी आहे, बाबा. खांबाला लागतंय."

"हो," ते म्हणाले. "इथे पाणीच असतं. तिकडे ती होती."

मग मी सांगितलं. मित्राने काय बजावलं होतं, मी बोट मधे का नेली, मासे त्यांच्याकडे पाठ करून का सोडले, पेटीत सुई होती आणि ती मी बाकाखाली सारली. परत येताना काय दिसलं. आवाज कशाचा होता. लाल गांडूळसुद्धा सांगितलं. एकदा सुरू केल्यावर काही मागे ठेवता येईना. बाबा खाडीकडे बघत होते. मी थांबलो तरी बघत राहिले.

"पोटं फुगलेली होती," ते शेवटी म्हणाले. "मी बघितलं होतं. मला वाटलं, अमेरिकेतले मासे, खाऊन-पिऊन असेच असतील."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

"म्हणजे शेपटी होती ती."

"हो."

"आणि मी हाक मारली."

"हो, बाबा."

त्यांनी प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं उघडली, मिटली. "मी मारले सगळे," ते म्हणाले. "हसत हसत मारले. तिच्या नावाने सोडला होता मी मासा." खाली पाणी वाजत होतं. त्यांनी मान थोडी कलती केली, सवयीने, आणि मग लक्षात येऊन परत सरळ केली. ते बघवलं नाही मला. "मग ती कुठे आहे रे?" त्यांनी विचारलं.

माझ्याजवळ नसलेलं काही मला आता त्यांना द्यायचं नव्हतं. मी वाकून त्यांच्या पायांवर हात ठेवला. चपला ओल्या होत्या.

"मला माहीत नाही, बाबा. ते मासे तुम्ही नाही मारले, मी मारले. एकही मरणार नाही असं तुम्हाला सांगून मी टेकडीवर गेलो, तेव्हा मला सगळं माहीत होतं. तुम्ही तिला हाक मारलीत तेव्हाही माहीत होतं, आणि मी तुम्हाला वाट बघत बसू दिलं. माझं चुकलं. मला माफ करा."